‘रिवॉर्डिंग’ कोण असतं : नर्स की नर्सिंग?

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

‘जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाल्यापासून एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला आहे. ब्रिटनमधल्या नर्सिंग भरतीसाठी ओईटीची, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्यांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी सुरू आहे आणि ऑनलाइन इंटरव्ह्यूही व्हायचा आहे. क्लासमध्ये सांगतात की उत्तरात “रिवॉर्डिंग” शब्द घाला, पॅनेलवर छाप पडते. म्हणून मी पाठ केलं : “आय ॲम व्हेरी रिवॉर्डिंग नर्स. नर्सिंग इज रिवॉर्डिंग प्रोफेशन. आय गॉट मेनी रिवॉर्डिंग्ज फ्रॉम पेशंट्स.” सरावाच्या वेळी सर हसले आणि “चुकलं” एवढंच म्हणाले. मोबाइलवर अर्थ पाहिला तर “फायदेशीर” दाखवतो. नर्सिंग फायदेशीर आहे असं पॅनेलला कसं सांगायचं? आमच्या वॉर्डात लकवा झालेले एक आजोबा होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचो, हाताचे व्यायाम करून घ्यायचो. तीन आठवड्यांनी त्यांनी चहाचा कप स्वतःच्या हाताने उचलला. त्या दिवशी ड्युटी संपली तरी वॉर्डातून पाय निघत नव्हता. असं काही इंग्रजीत सांगता येत नाही, म्हणून पाठ केलेलंच बोलते. हा शब्द नेमका कुठे आणि कसा वापरायचा?’

सिस्टर, सर हसले असतील ते पहिल्या वाक्याला. दुसऱ्या वाक्यात फक्त एक ‘अ’ राहून गेला आहे. तिसऱ्यात विशेषणाचं नाम करायला गेलात आणि इंग्रजीत नसलेला शब्द तयार झाला. तिन्ही वाक्यं दुरुस्त होतील. पण चहाच्या कपाचं जे लिहिलंत ते आधी बाजूला काढून ठेवा, कारण पॅनेलला द्यायचं उत्तर तेच आहे.

आधी अर्थ बघू. ज्या कामात मेहनत, वेळ किंवा जीव ओतावा लागतो आणि ज्यातून करणाऱ्याला मोलाचं काहीतरी मिळतं, ते काम ‘रिवॉर्डिंग’. आधी काहीतरी घालावं लागतं आणि मग काहीतरी हाती येतं. यातलं एक जरी नसलं तरी शब्द बसत नाही. सकाळी ठेल्यावर तर्री पोहे हाणले आणि तोंडाला चव आली, तर पोहे ‘डिलिशस’ होते, सकाळ ‘एन्जॉयेबल’ होती. ‘द पोहा वॉज रिवॉर्डिंग’ म्हटलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल, कारण खाणाऱ्याने काही कष्टच केलेले नाहीत. तीच तर्री घरी करायला शिकताना दोनदा मसाला करपला आणि तिसऱ्यांदा जमली, तर ‘लर्निंग टू मेक इट वॉज रिवॉर्डिंग’ हे वाक्य बरोबर. भर उन्हाळ्यात ताडोबाच्या जिप्सीत तासन्‌तास धूळ खाल्ली आणि शेवटी रानकुत्र्यांचा कळप दिसला, तर ती सफारी रिवॉर्डिंग. वाघच दिसला पाहिजे अशी अट शब्दात नाही. वाट पाहिल्याचं काहीतरी हाती लागलं, एवढं पुरे.

‘एन्जॉयेबल’ आणि ‘रिवॉर्डिंग’ यांची गल्लत इथेच होते. सलग चार नाइट कोणालाही एन्जॉयेबल वाटत नाहीत आणि तसं म्हटलं तर पॅनेलला ते खोटं वाटेल. त्याच चार नाइट रिवॉर्डिंग मात्र असू शकतात. काम सुखाचं नव्हतं तरी हा शब्द चालतो. किंबहुना काम जड होतं हे सांगितल्यावरच तो जास्त शोभतो.

आता मोबाइलवरच्या ‘फायदेशीर’बद्दल. हा अर्थ सरळ चूक नाही, अपुरा आहे. परतावा पैशाचाही असू शकतो, पण मग इंग्रजीत तसं सांगायची पद्धत आहे : ‘फायनान्शिअली रिवॉर्डिंग’. आधी काही न जोडता नुसतं ‘रिवॉर्डिंग’ म्हटलं की ऐकणारा समाधान, शिकणं, कोणाच्या तरी उपयोगी पडणं, असं काहीतरी धरून चालतो. निव्वळ पैसा म्हणायचा असेल तर वेगळा शब्द आहे, ‘ल्युक्रेटिव्ह’, आणि तो नर्सिंगच्या इंटरव्ह्यूत उच्चारायचा नसतो. आपल्याकडे गोंधळ होतो तो ‘रिवॉर्ड’ या नामामुळे. पैसे पाठवायच्या ॲपवर स्क्रॅच कार्ड येतं, क्रेडिट कार्डावर रिवॉर्ड पॉइंट जमतात, फरारी आरोपीची माहिती देणाऱ्याला पोलीस रिवॉर्ड जाहीर करतात. त्यामुळे शब्द ऐकला की बक्षीस आणि पैसाच डोळ्यांपुढे येतो. विशेषणाचा रोजचा वापर मात्र बक्षिसापासून बराच लांब आहे.

मराठीत याच्या सगळ्यात जवळचं काय, तर ‘कष्टाचं चीज होणं’. ‘त्या दिवशी केल्याचं चीज झालं’ असं तुम्ही घरी म्हणाला असाल, तर इंग्रजीत तिथे ‘इट वॉज रिवॉर्डिंग’ बसेल. ‘समाधानकारक’ हा शब्द इथे फसवतो. डॉक्टर राउंडला ‘प्रकृती समाधानकारक’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘ठीक आहे, चिंता नको’ इतकाच असतो. तो ‘सॅटिस्फॅक्टरी’, म्हणजे पास होण्यापुरता. ‘माय वर्क वॉज सॅटिस्फॅक्टरी’ म्हणालात तर काम जेमतेम होतं असा अर्थ जाईल. समाधान देणारं म्हणायचं असेल तर ‘सॅटिस्फाइंग’.

तुमच्या पहिल्या वाक्याकडे येऊ. मराठीत ‘थकवणारी ड्युटी’ आणि ‘थकलेली सिस्टर’ यात आपण कधी चुकत नाही. ड्युटी थकवते, सिस्टर थकते. इंग्रजीतही तसंच आहे : ‘टायरिंग ड्यूटी’, ‘टायर्ड नर्स’. शेवटी ‘इंग’ असलेलं विशेषण जे परिणाम घडवतं त्याला लागतं आणि ‘एड’ असलेलं ज्याच्यावर परिणाम होतो त्याला. त्याच न्यायाने काम ‘रिवॉर्डिंग’ आणि ज्याला त्यातून मिळालं तो माणूस ‘रिवॉर्डेड’. म्हणजे ‘नर्सिंग इज रिवॉर्डिंग’ बरोबर, ‘आय फील रिवॉर्डेड’ही बरोबर. ‘आय फील रिवॉर्डिंग’ चूक. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणणारा स्वतःलाच कंटाळवाणा ठरवतो, तसाच हा प्रकार.

माणसाला ‘रिवॉर्डिंग’ कधीच म्हणत नाहीत असं मात्र नाही. एखादी शिक्षिका म्हणेल, ‘शी इज अ रिवॉर्डिंग स्टुडंट टू टीच’. म्हणजे हिला शिकवण्याचे कष्ट वाया जात नाहीत. यात कष्ट शिक्षिकेचे आणि समाधानही तिचंच. आता याच चष्म्यातून ‘आय ॲम अ रिवॉर्डिंग नर्स’ वाचा : ‘माझ्यावर जो मेहनत घेईल त्याचं चीज होईल’. सर का हसले ते कळलं असेल. तुम्हाला म्हणायचं होतं ते असं : ‘आय फाइंड नर्सिंग रिवॉर्डिंग’.

हा ‘आय फाइंड’चा साचा पक्का करा. यात एकाच वाक्यात तुमचं मत येतं आणि ज्ञान शिकवल्याचा सूरही लागत नाही. ‘नर्सिंग इज अ रिवॉर्डिंग प्रोफेशन’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण कोणीही बोलू शकतं, कधी वॉर्डात पाऊल न टाकलेला माणूससुद्धा. ‘आय फाइंड’ म्हटलं की ते तुमचं होतं. अजून करत असाल तर ‘आय फाइंड’, संपलेल्या कामाबद्दल ‘आय फाउंड’. ‘आय ॲम फाइंडिंग’ ही आपल्याकडची सवय आहे. कायमच्या मतासाठी ते टाळा. ज्या गोष्टीबद्दल बोलायचं ती ‘फाइंड’ आणि ‘रिवॉर्डिंग’ यांच्या मधे येते : ‘आय फाइंड स्ट्रोक केअर रिवॉर्डिंग’. ‘आय फाइंड रिवॉर्डिंग इन स्ट्रोक केअर’ असं वाक्य होत नाही.

दुसरा साचा ‘इट इज रिवॉर्डिंग टू…’ आणि पुढे साधं क्रियापद : ‘इट इज रिवॉर्डिंग टू सी अ पेशंट गो होम’. कोणासाठी ते सांगायचं तर ‘फॉर’ : ‘इट वॉज रिवॉर्डिंग फॉर मी’.

तिसरा साचा इंटरव्ह्यूत सगळ्यात कामाचा, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडकते : ‘वन ऑफ द मोस्ट रिवॉर्डिंग…’. इथे एका श्वासात तीन चुका होऊ शकतात. एक, ‘द’ गाळणं. दोन, पुढचं नाम एकवचनी ठेवणं. ‘वन ऑफ’ म्हणजे अनेकांतला एक, म्हणून नाम अनेकवचनीच हवं : ‘एक्स्पीरिअन्सेस’, ‘मोमेंट्स’. मराठीत आपण ‘सर्वांत समाधान देणाऱ्या अनुभवांपैकी एक’ म्हणताना ‘अनुभवांपैकी’ बरोबर म्हणतो, इंग्रजीत शिरताच अनेकवचन सांडतं. तीन, वर ‘व्हेरी’ लावणं. ‘व्हेरी मोस्ट रिवॉर्डिंग’ होत नाही.

‘अ’ राहून जाण्याचं कारणही मराठीतच आहे. आपल्याकडे आर्टिकल नाही, त्यामुळे कानाला काही खटकत नाही. शिवाय ‘एक्स्पीरिअन्स’ हा शब्द दुहेरी आहे. कामाचा अनुभव, म्हणजे इतक्या वर्षांचा, हा मोजता न येणारा : ‘टू इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स’, इथे ‘अ’ नाही. एखादा प्रसंग म्हणून आलेला अनुभव मोजता येतो : ‘अ रिवॉर्डिंग एक्स्पीरिअन्स’. मराठीत दोन्हींना ‘अनुभव’च. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वैद्यकीय बूथवर सेवा दिली असेल तर ‘व्हॉलंटिअरिंग ॲट दीक्षाभूमी वॉज अ रिवॉर्डिंग एक्स्पीरिअन्स’. ‘अ’ घाईत गिळला जातो, म्हणून सराव करताना ‘अ-रिवॉर्डिंग’ असा जोडूनच बोला, मग तो सुटत नाही.

जोर द्यायला काय लावायचं? ‘व्हेरी’ चालतं. ‘डीपली’, ‘इमेन्सली’, ‘एक्स्ट्रीमली’ हेही चालतात. कोणत्या बाजूने समाधान मिळालं ते सांगायचं तर ‘प्रोफेशनली’ किंवा ‘इमोशनली’. चालत नाही ते दोन ‘ओ’चं ‘टू’. आपल्याकडे ‘खूप’ म्हणून सर्रास ‘टू’ बोलतात, ‘टू गुड’, ‘टू नाइस’. इंग्रजीत ‘टू’चा अर्थ ‘नको इतकं’ असा आहे, आणि समाधान नको इतकं झालं अशी तक्रार पॅनेलपुढे कशाला?

कधीकधी ‘रिवॉर्डिंग’ विशेषण नसून क्रियापद असतं. ‘द हॉस्पिटल इज रिवॉर्डिंग इट्स स्टाफ’ म्हणजे रुग्णालय कर्मचाऱ्यांना काहीतरी देतं आहे. ओळखायचं कसं? शब्दाच्या आधी ‘व्हेरी’ घालून बघा. बसलं तर विशेषण, अडलं तर क्रियापद.

तिसऱ्या वाक्यातलं ‘रिवॉर्डिंग्ज’ काढूनच टाका. ‘रिवॉर्ड्स’ असं नाम आहे, पण ‘आय गॉट मेनी रिवॉर्ड्स फ्रॉम पेशंट्स’ हे त्याहून धोक्याचं. ऐकणाऱ्याला वाटेल पेशंटकडून भेटी, पैसे घेतले. ब्रिटनमध्ये पेशंटकडून भेटवस्तू घेण्याबाबत कडक संकेत आहेत आणि पॅनेलचे कान तिथे लगेच टवकारतात. पेशंट आणि नातेवाइकांनी आभार मानले असं सांगायचं असेल तर तसंच सांगा : ‘पेशंट्स अँड देअर फॅमिलीज ऑफन थँक्ड अस’.

‘अवॉर्ड’शीही घोळ नको. अवॉर्ड समिती ठरवते, समारंभात देते, फोटो निघतो. रिवॉर्ड म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला, त्याला समारंभ लागत नाही. परिचारिका दिनाला तुमचा सत्कार झाला असेल तर ‘आय रिसीव्ह्ड ॲन अवॉर्ड’. ‘रिवॉर्डिंग सेरेमनी’ असा काही कार्यक्रम नसतो.

आता चहाच्या कपाकडे. पॅनेल विचारेल, ‘व्हाय डू यू लाइक नर्सिंग?’ किंवा ‘टेल अस अबाउट अ टाइम व्हेन…’. ‘रिवॉर्डिंग’ ही नुसती पावती आहे आणि पावतीच्या आधी व्यवहार दाखवावा लागतो. क्लासमध्ये शिकवतात ती ‘स्टार’ पद्धत इथे उपयोगी पडते : परिस्थिती, तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलं, काय झालं. या चारांत ‘रिवॉर्डिंग’ची जागा शेवटच्या टप्प्यात, निकाल सांगून झाल्यावर. तुमच्या आजोबांचं उत्तर असं होईल :

‘आय लुक्ड आफ्टर ॲन एल्डरली मॅन हू हॅड हॅड अ स्ट्रोक. ही कुड नॉट मूव्ह हिज राइट आर्म. वी टर्न्ड हिम एव्हरी टू अवर्स टू प्रिव्हेंट प्रेशर सोअर्स, अँड आय हेल्प्ड हिम विथ हिज आर्म एक्सरसाइजेस एव्हरी डे. आफ्टर थ्री वीक्स, ही पिक्ड अप अ कप ऑफ टी बाय हिमसेल्फ. इट वॉज वन ऑफ द मोस्ट रिवॉर्डिंग मोमेंट्स ऑफ माय करिअर.’

हात उजवा की डावा ते पत्रात नाही, खरा असेल तो घाला. लकव्याला ‘पॅरालिसिस अटॅक’ म्हणू नका. हा प्रयोग आपल्याकडचा आहे, तिकडे ‘स्ट्रोक’ म्हणतात. ‘बेडसोअर’ कळतं, पण तिथल्या वॉर्डात ‘प्रेशर सोअर’ किंवा ‘प्रेशर अल्सर’ जास्त ऐकाल. पेशंटचं नाव, गाव, बेड नंबर काही सांगायचं नाही. आधी ‘वी’ आणि मग ‘आय’ मुद्दाम आहे. कूस बदलणं टीमचं काम होतं, व्यायाम तुम्ही करून घेतलेत. पॅनेलला तुमचा वाटा वेगळा दिसायला हवा, पण सगळं श्रेय लाटलेलंही आवडत नाही. व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवून दिले असतील तर तसं एका वाक्यात सांगा.

यात अवघड शब्द जवळपास नाहीत, आणि ‘रिवॉर्डिंग’ येतो तेव्हा तो कशाबद्दल आहे हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. हाच शब्द पहिल्या वाक्यात टाकलात तर लगेच प्रश्न येतो : ‘इन व्हॉट वे?’ पाठ केलेलं तिथेच संपतं आणि माणूस अडखळतो. क्लासमधला सल्ला नेमका इथे उलटतो. शब्द छाप पाडत नाही, त्याच्या आधीचा तपशील पाडतो. अख्ख्या इंटरव्ह्यूत हा शब्द एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा आला की पाठांतर उघडं पडतं.

त्यातही ‘चॅलेंजिंग बट रिवॉर्डिंग’ ही जोडी शक्यतो टाळा. चूक काहीच नाही, पण भरतीच्या पॅनेलपुढे ती इतक्या वेळा येते की ऐकूनही ऐकली जात नाही. तेच वेगळं करून सांगता येतं : ‘नाइट शिफ्ट्स आर टायरिंग, बट सीइंग अ पेशंट इम्प्रूव्ह बाय मॉर्निंग इज रिवॉर्डिंग’. जे जड आहे त्याचं नाव घेतलंत की ‘चॅलेंजिंग’ची गरजच उरत नाही.

एका ठिकाणी मात्र हा शब्द अजिबात वापरू नका. ज्या पेशंटचा मृत्यू झाला त्याच्याबद्दल बोलताना, तुम्ही शेवटपर्यंत कितीही जीव लावला असला तरी, ‘रिवॉर्डिंग’ कानाला खुपतो, कारण त्यात ‘मला काय मिळालं’ हा सूर आहे. तिथे ‘मीनिंगफुल’ म्हणा : ‘इट वॉज मीनिंगफुल टू बी देअर फॉर द फॅमिली’. हाही जपूनच.

शेजारचे काही शब्द भराभर बघू. ‘फुलफिलिंग’ हा मोठ्या काळाचा शब्द, अख्ख्या करिअरबद्दल किंवा आयुष्याबद्दल. एका ड्युटीला तो जड होतो. ‘ग्रॅटिफाइंग’ म्हणजे मनाला बरं वाटणारं, बहुधा कोणी दखल घेतली म्हणून. बोलताना कमी वापरतात, गाळलात तरी काही बिघडत नाही. ‘वर्थव्हाइल’मध्ये हिशोब आहे : वेळ घालवण्यासारखं होतं. ट्रेनिंगबद्दल ‘इट वॉज वर्थव्हाइल’ म्हणणं रास्त. पेशंटबद्दल तेच म्हटलं तर कोरडं वाटतं.

‘वर्थ’वर मात्र थोडं थांबू, कारण नागपूरपासून पुण्यापर्यंत सगळे इथे घसरतात. ‘वर्थ’ क्रियापद नाही, म्हणून ‘इट वर्थ्स’ होत नाही. ‘इट इज वर्थ इट’. त्याच्या पुढे क्रियापद आलं तर ‘इंग’ लावून येतं : ‘रामटेक इज वर्थ व्हिजिटिंग’. ‘वर्थ टू व्हिजिट’ चूक. ‘वर्दी’ला पुढे ‘ऑफ’ लागतो आणि त्याचा अर्थ ‘लायक’. ‘रामटेक इज वर्दी’ एवढंच म्हटलं तर रामटेक कशाच्या लायक, हे अधांतरीच राहतं.

परीक्षेचं वेगळं आहे. ओईटीच्या लेखनात नर्सला एक पत्र लिहायचं असतं, बहुधा रेफरल किंवा डिस्चार्जचं, मजकूर साधारण 180 ते 200 शब्दांचा. त्यात ‘रिवॉर्डिंग’ला जागाच नाही. पुढच्या नर्सला पेशंटची अवस्था आणि औषधं हवी असतात, तुमचं समाधान नको. बोलण्याच्या भागात सुमारे पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले असतात आणि तुम्ही पेशंटशी किंवा नातेवाइकाशी बोलत असता. तिथेही ‘माय जॉब इज रिवॉर्डिंग’ कोण विचारतंय? ओढूनताणून घातलेला शब्द गुण मिळवून देत नाही. ज्या वाचकांनी आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा, निवडली आहे त्यांना मात्र तो उपयोगी पडू शकतो. बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला आणि एक-दोन मिनिटं बोलायला मिळतात, आणि ‘शिकलेलं एखादं कौशल्य’, ‘कोणाला केलेली मदत’ असे विषय येतात. तिथे हा शब्द शेवटाकडे सहज बसतो. शब्दसंपत्तीचे गुण चार निकषांपैकी एका निकषाचे आहेत. तोच शब्द परत परत आल्याने ते वाढत नाहीत.

उच्चाराची भीती नको, कारण अर्धा शब्द तुम्ही रोज बोलता. ‘रि’ आणि मग तुमचा रोजचा ‘वॉर्ड’. दिसण्यापुरतं साम्य नाही हे : इंग्रजीतला वॉर्ड, गार्ड आणि रिवॉर्डमधला वॉर्ड, तिघांचं मूळ एकच, लक्ष ठेवणं, राखणं. जोर ‘वॉर्ड’वर येतो. ‘रि’ ऱ्हस्व आणि हलका. आपण बहुधा सगळ्या अक्षरांवर सारखा जोर देतो किंवा ‘री’ लांबवतो, त्यामुळे तिकडच्या माणसाला शब्द पटकन लागत नाही. ‘वॉ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावू नका, ओठ गोल करा. ब्रिटिश उच्चारात मधला ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही, ‘ऑ’ लांबतो. तुम्ही ‘र’ उच्चारला तरी कळतं, त्यावर वेळ घालवू नका. शेवटचा ‘ग’ दणक्यात येऊ देऊ नका. ‘वाङ्मय’मधला ‘ङ’ आठवा, तिथेच शब्द संपतो. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि सुटा शब्द न बोलता पूर्ण वाक्य बोला, कारण चूक वाक्याच्या ओघातच होते.

जाहिरातींबद्दलही सांगायला हवं. एजन्सीच्या जाहिरातीत ‘अ रिवॉर्डिंग करिअर इन द यूके’ असं असतं. जाहिरातीतला हा शब्द पगाराबद्दल काहीच सांगत नाही. पगाराचा बँड (म्हणजे श्रेणी), आठवड्याचे तास, विमानाचं तिकीट आणि परीक्षा फी कोण भरणार, किती वर्षांचा करार, आधी सोडल्यास किती रक्कम परत द्यायची, हे लेखी मागा. ‘रिवॉर्डिंग पॅकेज’ असं लिहिलं असेल तर तिथे पैसाच म्हणायचा आहे, मग आकडा विचारायला लाजायचं कारण नाही.

शेवटचा एक प्रश्न पॅनेलकडून येऊ शकतो : नर्सिंगमधलं सगळ्यात कमी समाधान देणारं काम कोणतं? इथे ‘अनरिवॉर्डिंग’ आणि ‘थँकलेस’ यांत फरक करा. ‘थँकलेस’ म्हणजे ज्याचे कोणी उपकार मानत नाही असं काम. ‘अनरिवॉर्डिंग’ म्हणजे ज्यातून करणाऱ्यालाच काही मिळत नाही असं. वॉर्डातलं पुष्कळसं काम थँकलेस असूनही रिवॉर्डिंग असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पॅनेलपुढे दोन्ही शब्द टाळा, ‘लेस रिवॉर्डिंग’ म्हणा आणि ते काम तरीही नीट का करता ते जोडा : ‘पेपरवर्क इज लेस रिवॉर्डिंग फॉर मी, बट इफ आय रेकॉर्ड अ डोस राँगली, द नेक्स्ट शिफ्ट विल गिव्ह द राँग केअर, सो आय चेक इट ट्वाइस’. ‘पेपरवर्क’ला अनेकवचन नाही, ‘पेपरवर्क्स’ म्हणू नका.